अ‍ॅलन व्हिपल : उर्मियापासून न्यू यॉर्कपर्यंत

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील ज्या मोठ्या शस्त्रक्रियेला आज जगभर व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात, तिच्यामुळे अ‍ॅलन ओल्डफादर व्हिपल यांचे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे झाले आहे. बंगळूरजवळचे व्हाइटफील्ड हे १८८२ च्या सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी स्थापन झालेले एक लहानसे खेडे होते. आज महानगराचा भाग बनलेल्या त्या उपनगरातील मोठ्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया त्याच नावाने ओळखली जाते. परंतु हे नाव ज्यांचे, ते व्हिपल इराणात जन्मले होते, सिरियाक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या सान्निध्यात वाढले होते आणि पुढे ग्रीक, सिरियाक व अरबी वैद्यकाला जोडणाऱ्या भाषांतरपरंपरेचे अभ्यासक झाले होते, ही गोष्ट शस्त्रक्रियागृहाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. शस्त्रक्रियेने त्यांना कीर्ती दिली खरी. त्यांच्या जीवनाचा संपूर्ण अर्थ मात्र तिच्यातून लागत नाही.

व्हिपल यांचा जन्म २ सप्टेंबर १८८१ रोजी वायव्य इराणातील उर्मिया या गावी झाला. आईवडील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे कार्यकर्ते होते. उर्मिया हे त्या काळी नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील प्राचीन सिरियाक चर्चच्या अनुयायांचे, महत्त्वाचे केंद्र होते. अमेरिकन मिशनने १८३० नंतरच्या दशकात तेथे शाळा काढली आणि १८४० मध्ये छापखाना आणला. तोपर्यंत मुख्यतः बोलण्यापुरती असलेली अर्वाचीन सिरियाक भाषा या छापखान्यामुळे गद्यलेखनाची भाषा झाली. १८४९ पासून तिच्यात नियतकालिकही निघू लागले. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांचे छापखाने, शब्दकोश आणि पाठ्यपुस्तके यांतून भारतीय भाषांचे गद्य कसे आकाराला आले, हे ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना उर्मियाचे हे चित्र अपरिचित वाटणार नाही. अशा बहुभाषिक परिसरात व्हिपल यांचे बालपण गेले. मिशनने १८८० नंतर तेथे रुग्णालयही चालविले होते. धर्म, भाषा आणि वैद्यक ही तिन्ही कार्ये एकाच आवारात चालत, आणि हा संस्कार त्यांच्यावर कायमचा राहिला.

पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेत आले. १९०४ मध्ये प्रिन्स्टनची आणि १९०८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी मिळविली. न्यू यॉर्कच्या प्रेसबिटेरियन रुग्णालयात त्यांनी शल्यचिकित्सेचे काम केले. १९२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. ही पंचवीस वर्षे त्यांच्या कर्तृत्वाची वर्षे होत.

स्वादुपिंड हा अवयव फार काळ शल्यचिकित्सकांना अगम्य राहिला होता. ग्रीकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ सर्व मांस असा होतो. त्यात हाड किंवा कूर्चा नाही एवढेच त्यातून सूचित होते. आपल्याकडे संहितांतील क्लोम हा अवयव म्हणजे स्वादुपिंड होय की नव्हे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. मराठी परिभाषेतही स्वादुपिंड आणि अग्निपिंड असे दोन शब्द चालत आले आहेत. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवा पडलेला हा अवयव मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून असतो. त्याचे शीर्ष ग्रहणीच्या वळणात बसलेले असते आणि पित्तनलिका त्यातूनच खाली उतरते. त्यामुळे शीर्षाला गाठ झाली की पित्त अडते, कावीळ होते आणि तिच्यामुळे रक्त गोठण्याची शक्ती क्षीण होते. शिवाय स्वादुपिंडाचा रस मांस पचविणारा असल्याने घातलेले टाकेच तो विरघळवून टाकतो. रोगी शस्त्राखाली रक्तस्रावाने जाई, नाही तर आठवडाभरात टाके सुटून जाई.

या वाटेवर व्हिपल यांच्याआधी इतरही चालले होते. इटलीत कोदिविल्ला यांनी १८९८ मध्ये असा एक प्रयत्न केला, पण रोगी वाचला नाही. जर्मनीत वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत पार पाडली आणि त्यांचा रोगी काही महिने जगला. काउश यांचा वृत्तांत १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी पुढील वीस-बावीस वर्षांत या मार्गाला स्थिर रूप आले नाही. व्हिपल यांनी पार्सन्स आणि मलिन्स या सहकाऱ्यांसह १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अवघ्या तीन रोग्यांची हकिकत होती. पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका जेथे ग्रहणीत उघडतात त्या जागेचा कर्करोग या तिघांना होता. पहिल्या टप्प्यात अडलेल्या पित्ताला नवी वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची आणि मग दुसऱ्या टप्प्यात ग्रहणी व स्वादुपिंडाचे शीर्ष काढायचे, अशी ही योजना होती. पहिला रोगी शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावला. आतड्याच्या तातीचे टाके पाचकरसापुढे टिकले नव्हते. पुढील रोग्यांत रेशमी धागा वापरला गेला. ते दोघे शस्त्रक्रियेतून बचावले आणि काही काळ जगले. तिघांपैकी कोणीही दीर्घायुषी झाला नाही. व्हिपल यांनी हे अपयश झाकले नाही. मृत्यूचे कारण शोधून पुढील कृतीत त्याचा उपाय योजणे, हीच त्यांची संशोधनपद्धती होती.

ही पद्धती पुढेही चालू राहिली. के जीवनसत्त्वाचा शोध लागून ते उपचारासाठी मिळू लागल्यावर काविळीतील रक्तस्राव आवाक्यात आला आणि दोन टप्प्यांची गरज कमी झाली. १९४० मध्ये त्यांनी सर्व काम एकाच बैठकीत केले. आरंभी ते उरलेल्या स्वादुपिंडाचे टोक बंद करून टाकीत. त्यामुळे पाचकरस आतड्यात पोचत नसे, रस बाहेर झिरपे आणि स्निग्ध पदार्थांचे पचन बिघडे. पुढे ते टोक लहान आतड्याला जोडण्याची रीत त्यांनी स्वीकारली. सबंध आयुष्यात त्यांनी अशा केवळ ३७ शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या काळात शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. ज्या कृतीवर त्यांचे नाव कोरले गेले ती त्यांनी इतक्या मोजक्या वेळा केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वादुपिंडाशी त्यांचा संबंध कर्करोगापुरता नव्हता. इन्शुलीन अतिरेकाने स्रवणाऱ्या गाठींचे निदान कसे करावे, याचे तीन निकष त्यांनी घालून दिले: उपाशीपोटी येणारी लक्षणे, त्याच वेळी रक्तातील उतरलेली शर्करा आणि शर्करा देताच मिळणारा आराम. व्हिपल त्रयी म्हणून हे निकष आजही वापरात आहेत. व्हर्जिनिया फ्रँट्झ या विकृतिशास्त्रज्ञ सहकारी या कामात त्यांच्यासोबत होत्या. १९४६ मध्ये त्यांनी दीर्घकालीन स्वादुपिंडशोथाकडे लक्ष वळविले. स्वादुपिंड तंतुमय होऊन त्यात खडे धरलेल्या, वेदनेने गांजलेल्या निवडक रोग्यांसाठी मोठी शस्त्रक्रिया समर्थनीय ठरते, असे त्यांनी मांडले. भारताच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. दारूचा स्पर्श नसलेल्या तरुणांत आढळणारा, खडे आणि मधुमेह घेऊन येणारा स्वादुपिंडशोथ झुइडेमा यांनी १९५९ मध्ये इंडोनेशियातून आणि त्यानंतर गीवर्गीस यांनी केरळातून वर्णिला. व्हिपल यांच्या रोग्यांहून हे रोगी निराळे होते, तरी त्यांच्या वेदनेवरील शल्योपचाराचा विचार त्याच वाटेने पुढे गेला.

शिक्षक म्हणून त्यांच्या निर्णयांचे मोल दोन्ही बाजूंनी करावे लागते. व्हर्जिनिया अ‍ॅपगार १९३३ मध्ये कोलंबियातून पदवीधर झाल्या आणि त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. त्या क्षेत्रात स्त्रियांना जम बसविणे कठीण जाते, हे व्हिपल यांनी पाहिले होते. बधिरीकरणाचे शास्त्र सुधारल्याशिवाय शल्यचिकित्सा पुढे जाणार नाही, हेही त्यांना कळत होते. त्यांनी अ‍ॅपगार यांना बधिरीकरणाकडे वळविले. अ‍ॅपगार यांनी पुढे नवजात बालकाच्या तपासणीचे जे मापन दिले त्याने असंख्य अर्भकांचे रक्षण झाले. तथापि एका कर्तबगार स्त्रीला आपली मूळ आकांक्षा सोडावी लागली, ही बाजूही नाकारता येत नाही.

व्हिपल यांच्या मूळ संस्काराचे फळ १९३६ मध्ये दिसले. शस्त्रक्रियेच्या लेखानंतर वर्षभरातच त्यांनी ग्रीक आणि अरबी वैद्यकातील दुवा या नात्याने नेस्टोरियनांच्या कार्यावर लेखन प्रसिद्ध केले. ४८९ मध्ये एडेसाची विद्यापीठिका बंद झाल्यावर नेस्टोरियन पंडित पूर्वेकडे इराणच्या राज्यात सरकले. जुंदिशापूरच्या वैद्यांपैकी बख्तिशू घराण्यातील वैद्याला खलिफा अल्-मन्सूर याने ७६५ मध्ये बगदादला बोलावले. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक याने गेलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत उतरविले. याच प्रवाहाला भारतीय धारा मिळाल्या होत्या. खुस्रो अनुशिरवानचा वैद्य बुर्झोय याने सहाव्या शतकात पंचतंत्राची कथा पहलवीत नेली, बूद या नेस्टोरियनाने ती सिरियाकमध्ये आणली आणि बर्मकी वजिरांच्या आश्रयाने सुश्रुतसंहिता अरबीत गेली. कथा आणि वैद्यक यांचे वाहक बहुधा एकच होते, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

या विषयावरील व्हिपल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, प्रिन्स्टनहून प्रसिद्ध झाला. ते व्यवसायाने भाषापंडित नव्हते. जुंदिशापूरच्या रुग्णालयाविषयी जुन्या लेखकांनी गृहीत धरलेल्या अनेक गोष्टी पुढील संशोधकांनी पुराव्याअभावी शंकास्पद ठरविल्या आहेत, त्यामुळे तो ग्रंथ आज सावधपणेच वाचावा लागतो. परंतु त्यामागील प्रेरणेला महत्त्व आहे. १९१४ ते १९१८ या महायुद्धाच्या वर्षांत कत्तल, उपासमार आणि १९१८ चे पलायन यांनी उर्मियाचा सिरियाक समाज उद्ध्वस्त झाला. ज्या समाजात बालपण गेले, त्याच्या पूर्वजांनी जगाच्या वैद्यकाला काय दिले याची नोंद करणे, हे त्यांना ऋणफेडीसारखे वाटले असल्यास नवल नाही. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाशी त्यांनी राखलेला संबंधही याच ओढीचा म्हणावा लागेल.

कोलंबियातून निवृत्त झाल्यावर १९४६ पासून काही वर्षे त्यांनी न्यू यॉर्कच्या मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाची वैद्यकीय धुरा सांभाळली. एप्रिल १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. आज अनुभवी केंद्रांत व्हिपल शस्त्रक्रियेनंतरचा मृत्यू शंभरात पाचांहूनही कमी झाला आहे. रोग मात्र अद्याप तितकासा नमलेला नाही, आणि निदानानंतर पाच वर्षे जगणारे सुमारे दहांत एकच असतात. व्हिपल यांनी घालून दिलेली कृती गेल्या नव्वद वर्षांत अनेकांनी सुधारली, बदलली आणि आपापल्या देशांत नेली. ग्रंथ भाषांतराने जसे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात आणि प्रत्येक ठिकाणी थोडे बदलतात, तसाच या शस्त्रक्रियेचाही प्रवास झाला.