भोरच्या कान्होजी जेध्यांना फोडायला विजापूरने फर्मान पाठवलं, पण डाव उलटा पडला

२०१५ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतल्या काही कर्मचाऱ्यांना ईमेल आले. कुणीतरी नोकरीसाठी अर्ज करतोय, सोबत बायोडेटा जोडलाय, असा साधा मजकूर. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच बँकेच्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर गायब झाले. अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी उत्तर कोरियाच्या सरकारसाठी काम करणाऱ्या हॅकरकडे बोट दाखवलं.

हे लांबचं वाटत असेल तर पुण्यात या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे तब्बल ९४ कोटी रुपये असेच गेले. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. याही हल्ल्यामागे उत्तर कोरिया असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात म्हटलं.

एक देश दुसऱ्या देशावर हल्ला करतो तेव्हा तो भिंत फोडत बसत नाही. आतला माणूस शोधतो. त्याला एक पत्र पाठवतो. त्याने ते उघडलं, त्यावर विश्वास ठेवला, की दार आतूनच उघडतं.

आता याचा भोरशी काय संबंध? तर असंच एक पत्र जून १६५९ मध्ये भोरजवळच्या रोहिडखोऱ्यात आलं होतं. पाठवणारं सरकार होतं विजापूरचं. ज्यांना आलं त्यांचं नाव कान्होजी जेधे.

अफजलखानाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. प्रतापगड, शामियाना, वाघनखं. पण त्या भेटीच्या पाच महिने आधी एक लढाई कागदावर झाली होती, आणि ती कान्होजींनी जिंकून दिली नसती तर पुढचं काहीच तसं घडलं नसतं, असं म्हणायला जागा आहे.

कान्होजी हे रोहिडखोऱ्यातल्या कारीचे देशमुख. त्यांच्या आयुष्याची सुरुवातच घरातल्या दग्याने झाली. जेधे घराण्याच्या करीन्यात, म्हणजे घराण्याची हकीकत सांगणाऱ्या जुन्या कागदात, असं दिलंय की वतनाच्या वादात त्यांचे वडील नाईकजी भाऊबंदांकडून मारले गेले. तान्ह्या कान्होजींना घरच्या विश्वासू माणसांनी लपवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोचवलं. बाजींनी त्यांना वाढवलं आणि पुढे आपली मुलगी सावित्रीबाई त्यांना दिली. वतन परत मिळालं, पण वतनापायी सख्खी माणसं काय करू शकतात हे त्यांना पाळण्यातच कळलं होतं.

पुढे कान्होजी शहाजीराजांच्या सोबत राहिले. जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळ विजापूरच्या मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केलं, तेव्हा कान्होजी आणि दादाजी कृष्ण लोहोकरे हेही त्यांच्याबरोबर पकडले गेले. मे १६४९ मध्ये सुटका झाली. त्यानंतर शहाजीराजांनी कान्होजींना मावळात परत पाठवलं, ते शिवरायांच्या पाठीशी उभं राहण्यासाठी. शपथ घेऊन. तेव्हा शिवराय जेमतेम १९ वर्षांचे होते.

देशमुख म्हणजे फक्त पाटलांच्या वरचा माणूस नव्हे. सारा त्याच्यामार्फत गोळा व्हायचा. खोऱ्यातली लढणारी पोरं त्याच्या शब्दावर निघायची. कुठल्या घाटातून घोडं जातं, कुठल्या खिंडीत दहा माणसं शंभरांना अडवतात, पावसात कुठला ओढा पार होत नाही, हे त्याला तोंडपाठ असायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर मावळच्या सगळ्या सिस्टिमचे पासवर्ड बारा-पंधरा देशमुखांकडे होते. रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात (म्हणजे आजच्या वेल्हे, आता राजगड, तालुक्याच्या भागात) सिळिमकर. राजगड आणि तोरणा यांच्याच अंगणात. हे देशमुख फुटले असते तर किल्ल्यांची तटबंदी कितीही मजबूत असून उपयोग नव्हता.

विजापूरला हे पक्कं ठाऊक होतं. अफजलखान स्वतः वाईचा सुभेदार राहिलेला होता. वाई आणि भोर यांच्यामध्ये डोंगराची एकच रांग आहे, त्यामुळे त्याला या घराण्यांची नावं, त्यांची भांडणं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं माहीत असणार. म्हणून फौजेसोबत कागदही निघाले.

कान्होजींना आलेल्या फर्मानाचा मजकूर आज वाचायला मिळतो. त्यात आधी शिवरायांवर आरोप आहेत, की त्यांनी निजामशाही कोकणात लोकांना त्रास दिला, लुटालूट केली, पातशाही किल्ले घेतले. मग सांगितलंय की त्यांचा बंदोबस्त करायला अफजलखानाला नेमलंय, तुम्ही त्याच्या हाताखाली काम करा. शिवरायांच्या माणसांना आसरा देऊ नका, सापडतील तिथे मारा. आणि शेवटी आमिष: खान तुमच्याबद्दल जशी शिफारस करील तशी तुमची भरभराट होईल.

नीट पाहिलंत तर आजच्या फसव्या ईमेलमध्ये जे असतं ते सगळं यात आहे. वरिष्ठांचा शिक्का, धमकी, बक्षीस, आणि ताबडतोब काहीतरी करण्याचा दबाव. फरक एवढाच की हा शिक्का खोटा नव्हता. आदिलशहा खरोखर वतन देऊ शकत होता आणि खरोखर घर जाळू शकत होता. म्हणून हे फर्मान बनावट ईमेलपेक्षा कितीतरी जड होतं.

शेजारीच पहिला माणूस फुटलाही. उत्रौलीचे खंडोजी खोपडे अफजलखानाला जाऊन मिळाले. खोपडे आणि जेधे एकाच खोऱ्यातले, म्हणजे आता शत्रूच्या गोटात असा एक जण होता ज्याला कान्होजींच्या घराची वाटही माहीत होती.

कान्होजींपुढे तीन रस्ते होते. खानाकडे जायचं. किंवा फर्मान घरात दाबून ठेवायचं आणि कोण जिंकतंय ते बघायचं. हा दुसरा रस्ता सगळ्यात सोपा होता, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचाही. आजही हल्ला झाल्यावर कंपन्या, बँका, सरकारी खाती पहिल्यांदा हेच करतात, बोंब होऊ नये म्हणून गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात हल्लेखोराला मोकळं रान मिळतं.

कान्होजींनी तिसरा रस्ता धरला. पाचही मुलांना सोबत घेतलं, थेट शिवरायांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवलं.

यानंतर जे झालं ते करीन्यात तपशिलाने आलंय आणि ते फार माणसांचं वाटतं, दंतकथेसारखं नाही. शिवरायांनी त्यांना लगेच मिठी मारली नाही. त्यांनी आधी कान्होजींना परिस्थिती सांगितली. शेजारचे खोपडे गेलेत, तुम्ही इथे राहिलात तर वतन जाईल, जीवही जाईल, तेव्हा तुम्हीही का जात नाही, अशा अर्थाचं विचारलं. ही परीक्षा होती की खरी काळजी, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही वाटतं. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शपथेची आठवण दिली आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. वतनावर पाणी सोडणं हा आपण सहज वापरतो तो वाक्प्रचार, तिथे तो खरोखर घडला.

मग शिवरायांनी एक व्यवहारी गोष्ट करायला सांगितली. कारीतला कुटुंबकबिला हलवून तळेगाव ढमढेऱ्याला न्यायचा. कारी वाईच्या इतक्या जवळ, की खानाच्या तुकडीने एका रात्रीत बायकामुलं उचलली असती आणि मग कान्होजींच्या शपथेला कितपत जोर राहिला असता? दबाव टाकता येईल अशी जागाच आधी रिकामी केली. काही जण म्हणतील की कुटुंब शिवरायांच्या मुलखात आल्याने कान्होजींचीही हमी मिळाली. तसंही असेल. पण कान्होजींनी कुरकूर केल्याचं कुठे दिसत नाही.

पुढचं काम कान्होजींनीच केलं. त्यांनी बाकीच्या मावळ्या देशमुखांना गाठलं. बांदल, सिळिमकर, पासलकर, मारणे अशी घराणी एकत्र बसवली. सगळ्यांत वडीलधारे तेच, आणि वतनावर पाणी सोडून आलेले. दुसऱ्याला समजावताना त्यांना वेगळा पुरावा द्यावा लागला नाही. एकामागून एक देशमुख शिवरायांच्या बाजूने ठाम राहिले. खानाच्या कागदांना खोपड्यांसारखे थोडे मासे लागले, जाळं मात्र रिकामंच राहिलं.

उलट आता शिवरायांनी खानाच्या डोक्यात शिरायचं ठरवलं. पंताजी गोपीनाथ वकील म्हणून खानाच्या छावणीत गेले. राजे घाबरलेत, वाईपर्यंत यायची हिंमत नाही, खानाने जावळीत येऊन त्यांना हात धरून न्यावं, हे चित्र त्यांनी खानापुढे उभं केलं. सोबत छावणीतून खानाचा खरा बेत काय आहे तोही काढून आणला. म्हणजे माहितीचं युद्ध दोन्ही बाजूंनी चाललं होतं. जिंकला तो, ज्याच्या घरातली माणसं फुटली नाहीत.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान मारला गेला. गडावरून इशारतीच्या तोफा झाल्या आणि पारच्या जंगलात दबा धरून बसलेले जेधे आणि बांदलांचे मावळे खानाच्या फौजेवर तुटून पडले. विजापूरने ज्या हातांना आपल्यासाठी काम करायला सांगितलं होतं, तेच हात.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण खंडोजी खोपडे अजून राहिलेत.

पराभवानंतर खंडोजी लपूनछपून फिरत होते. शेवटी त्यांनी हैबतराव सिळिमकरांना गाठलं आणि प्रकरण कान्होजींपर्यंत आलं. कान्होजींनी शब्द टाकला, खंडोजींचा जीव वाचवावा. शिवरायांनी कान्होजींचा मान राखून जीवदान दिलं. पण नंतर खंडोजी समोर आले तेव्हा त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडायचा हुकूम दिला. कान्होजी नाराज झाले. त्यांच्या शब्दावर आलेल्या माणसाचं असं झालं, हे त्यांना लागलं. शिवरायांचं उत्तर असं होतं की तुमच्या शब्दाखातर जीव सोडला, पण ज्या हाताने तलवार धरली आणि ज्या पायाने शत्रूकडे चालत गेला, त्याची शिक्षा झालीच पाहिजे.

आजच्या डोळ्यांनी ही शिक्षा वाचवत नाही. मला मात्र त्यातलं कान्होजींचं वागणं जास्त विचारात पाडतं. ज्या माणसाच्या फितुरीमुळे त्यांचं स्वतःचं घर उद्ध्वस्त होऊ शकलं असतं, त्याच्यासाठी ते रदबदली करायला गेले.

कान्होजींच्या सेवेबद्दल जेध्यांना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, बांदलांच्या लोकांनी घोडखिंडीत जीव दिला, तेव्हा तो मान जेध्यांच्या संमतीने बांदलांकडे गेला. मानापानावरून डोकी फुटायची त्या काळात हे साधं नव्हतं.

कान्होजींचे चिरंजीव सर्जेराव यांना २३ ऑक्टोबर १६६२ चं शिवरायांचं एक पत्र आहे. तेव्हा शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता. जासुदांनी बातमी आणली की मोगल रोहिडखोऱ्यावर येतायत. शिवरायांनी सर्जेरावांना कळवलं की गावोगावच्या लोकांना बायकामुलांसह घाटाखाली सुरक्षित जागी हलवा, एका क्षणाचाही उशीर करू नका, रात्रंदिवस स्वतः फिरून हे काम करा, नाहीतर कैद झालेल्या लोकांचं पाप तुमच्या माथी बसेल. आज सायबर हल्ल्याचा इशारा देणाऱ्या सरकारी यंत्रणांची परिपत्रकं येतात, ती वाचून झोप येते. हे पत्र वाचून माणूस उठून चालायला लागेल.

आणि याच घराण्यात पुढे, संभाजी महाराजांच्या काळात, मोगलांच्या आमिषाला काही जण बळी पडले. महाराजांनी सर्जेराव जेध्यांना त्याबद्दल खडसावणारं पत्र लिहिलंय. बापाने एकदा पाणी सोडलं म्हणजे पुढच्या पिढीची खात्री झाली असं होत नाही. कागद परत येतात, नव्या शिक्क्याचे.

कान्होजींची समाधी भोर तालुक्यातल्या आंबवड्याला आहे. तिथेच, अफजलखान भेटीत सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या जिवा महालांचीही समाधी आहे. कारीच्या जेध्यांनी जपून ठेवलेली शकावली पुढे दयाजीराव जेध्यांनी लोकमान्य टिळकांच्या हाती दिली, आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. शिवरायांची १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख ठरवताना अभ्यासकांनी ज्या कागदावर सगळ्यात जास्त भर दिला, तो हाच.