सवंगड्यांच्या शाळेतला रसायनशास्त्रज्ञ

बारावीच्या रसायनशास्त्रात विद्युत अपघटनाची गणिते सोडविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची मायकेल फॅरेडे या नावाशी गाठ पडते. एखाद्या द्रावणातून किती वीज गेली असता किती धातू मुक्त होईल, हे सांगणारा नियम त्यांचाच. गंमत म्हणजे स्वतः फॅरेडे यांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती आणि गणितात त्यांची गती बेताचीच होती. त्यांची कहाणी अनेकदा एकलव्याच्या धर्तीवर सांगितली जाते. पण ती अर्धीच खरी आहे. फॅरेडे एकाकी शिकले नाहीत. आपल्यासारख्याच सामान्य परिस्थितीतील मित्रांकडून शिकत आणि त्यांना शिकवीत ते घडले.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिण भागात मायकेलचा जन्म झाला. वडील लोहारकाम करीत. मात्र सततच्या आजारपणामुळे घरात कमालीची ओढाताण होती. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढ्यावरच मायकेलची शाळा संपली. १८०४ मध्ये जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे तो सांगकाम्या म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचू लागला. त्यात जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याच्या हाती पडले. शिक्षिका आणि तिच्या दोन शंकेखोर विद्यार्थिनी यांच्या संभाषणातून विषय उलगडणारे हे पुस्तक त्याला विलक्षण भावले. त्यातील विधाने तो खिशाला परवडतील असे छोटे प्रयोग करून पडताळून पाही.

पण पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही. ती उणीव भरून निघाली डॉर्सेट स्ट्रीटवरील जॉन टॅटम यांच्या घरी. टॅटम तेथे विज्ञानावर व्याख्याने देत आणि प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग प्रवेशमूल्य असे. ते शिलिंग मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारकामच करीत असे. १८१० आणि १८११ मध्ये ऐकलेल्या या व्याख्यानांनी मायकेलला ज्ञान दिले, त्याहून मोलाचे म्हणजे मित्र दिले. बेंजामिन ॲबट हा कारकून, एडवर्ड मॅग्राथ आणि वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी हक्स्टेबल ही त्यांतील काही नावे.

जुलै १८१२ मध्ये फॅरेडे आणि ॲबट यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ॲबटचे शिक्षण आपल्यापेक्षा चांगले झाले आहे, त्याला पत्रे लिहिता लिहिता आपली भाषा आणि विचार दोन्ही सुधारतील, असा फॅरेडे यांचा हिशेब होता. अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या जस्ताच्या सात चकत्या, तांब्याची तेवढीच नाणी आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद एकावर एक रचून त्यांनी विद्युतघट तयार केला आणि त्यातील विजेने मॅग्नेशियम सल्फेटचे अपघटन घडवून आणले. हा प्रयोग त्यांनी मित्राला बारीकसारीक तपशिलांसह कळविला. ज्या विषयात पुढे त्यांचे नाव अजरामर झाले, त्यातील हे त्यांचे पहिले पाऊल.

त्या वर्षी पुढचा मार्ग मात्र अंधुक होता. उमेदवारी संपत आली होती आणि आयुष्यभर पुस्तके बांधण्याचे भवितव्य समोर दिसत होते. दुकानाच्या एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी सर हम्फ्री डेव्ही यांची रॉयल इन्स्टिट्यूशनमधील चार व्याख्याने ऐकली आणि त्यांची टिपणे सुबक बांधून वर्षअखेरीस डेव्हींकडे पाठविली. मार्च १८१३ मध्ये आठवड्याला २५ शिलिंगांवर ते तेथील प्रयोगशाळेत मदतनीस झाले.

नोकरी मिळाली तरी मित्रांची शाळा सुटली नाही. टॅटम यांच्या घरी भरणाऱ्या सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीचे ते सभासद झाले. तीस-चाळीस सामान्य स्थितीतील माणसे तेथे एकमेकांना शिकवीत. याखेरीज पाच-सहा मित्र मॅग्राथच्या जागेत किंवा फॅरेडे यांच्या माडीवरील खोलीत जमत. एकत्र वाचन होई. एकमेकांचे उच्चार आणि वाक्यरचना बिनदिक्कत सुधारल्या जात. १८१६ पासून फॅरेडे यांनी याच सोसायटीत रसायनशास्त्रावर व्याख्याने दिली. पुढे ज्यांचे बोलणे ऐकायला लंडन लोटे, त्या वक्त्याची तालीम अशी सवंगड्यांसमोर झाली. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते व्याख्याने देऊ लागल्यावरही मॅग्राथ श्रोत्यांत बसून त्यांच्या चुका टिपून ठेवीत.

गुरूशी असलेले नाते मात्र असे निर्मळ राहिले नाही. १८२१ मध्ये फॅरेडे यांनी विजेच्या साहाय्याने तार चुंबकाभोवती फिरत ठेवण्याचा प्रयोग यशस्वी केला. तेव्हा दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा ठपका त्यांच्यावर आला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीवर त्यांची निवड व्हायची वेळ आली असता अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींनीच तिला विरोध केला. निवड झाली, पण मनात अढी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अथेनियम क्लबचे चिटणीसपद फॅरेडे यांनी अल्पकाळ सांभाळले आणि नंतर ते मॅग्राथ यांच्याकडे आले.

१८२५ मध्ये बेंझिनचा शोध, १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि १८३४ मध्ये विद्युत अपघटनाचे नियम, अशी कीर्तीची शिखरे पुढे एकामागून एक आली. तरीही अडल्यास विचारण्याची सवय सुटली नाही. ॲनोड, कॅथोड, आयन या संज्ञा त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांना विचारून निश्चित केल्या. जेन मार्सेट यांना ते आपले निबंध आवर्जून पाठवीत. नाताळच्या सुटीत मुलांसाठी त्यांनी १९ व्याख्यानमाला दिल्या. एका मेणबत्तीच्या ज्योतीतून सारे रसायनशास्त्र समजावून देणारी माला १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारणाऱ्या फॅरेडे यांचे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निधन झाले. बारावीच्या वर्गात शेजारच्या बाकावरील मित्राला अडलेले गणित विचारणारा विद्यार्थी नकळत त्यांच्याच वाटेने चाललेला असतो. विचारणाऱ्याला उत्तर मिळते आणि सांगणाऱ्याला आपल्याला खरोखर किती कळले आहे, हे उमगते. एका लोहाराच्या मुलाला याच देवाणघेवाणीने शास्त्रज्ञ केले.