विश्लेषण : संकटातल्या माणसासाठी दार उघडे ठेवणाऱ्या सावित्रीबाई, त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी नेमके काय केले?

डिजिटल डेस्क, वाशिम

मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले शाळेच्या प्रत्येक भिंतीवर दिसतात. जगणे असह्य झालेल्या माणसापर्यंत वेळेत पोहोचणाऱ्या सावित्रीबाईंची चर्चा मात्र कमी होते. आज ज्याला आपण मानसिक आरोग्यातील तातडीची मदत म्हणतो, तिच्या अगदी जवळचे काम त्यांनी १८६३ पासून केले. १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. हे काम कसे उभे राहिले आणि वाशिम जिल्ह्याने त्यातून काय घ्यावे, ते समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी लग्न झाले. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवले आणि १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. या कामामुळे दोघांना राहते घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. दार बंद होणे म्हणजे काय आणि दुसरे दार उघडणे म्हणजे काय, हे सावित्रीबाईंनी स्वतः अनुभवले होते.

१८६३ मध्ये काय घडले?

फुले यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करत होती. तिला फसवून दिवस गेले आणि जबाबदार पुरुषाने हात झटकले. बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला. खटला चालला आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण समाजाने तो स्वीकारला नव्हता. त्यातच १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न हाही गुन्हा होता. म्हणजे अशा बाईने बाळाला मारले तर शिक्षा, स्वतःचा जीव घेऊ पाहिला तरी शिक्षा आणि कुणाला सांगितले तर बहिष्कार. मदत मागायला जागाच नव्हती.

बालहत्या प्रतिबंधक गृह कसे चालायचे?

फुले दांपत्याने ही जागा आपल्या राहत्या घरी, पुण्याच्या गंज पेठेत तयार केली. तिची रचना पाहिली तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली, माहिती आधीच पोहोचवणे. विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हावे, अशा अर्थाच्या जाहिराती शहरात लावल्या गेल्या. अडचण येण्याआधीच पत्ता माहीत असावा, हा त्यामागचा विचार.

दुसरी, गुप्तता. आलेल्या बाईचा न्यायनिवाडा होत नसे. सावित्रीबाई स्वतः तिची सेवा आणि बाळंतपण करत.

तिसरी, पुढची सोय. बाळाला सोबत नेणे किंवा तिथेच ठेवणे आईच्या इच्छेवर असे. जोतीरावांनी १८८४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंत ३५ विधवा या घरी आल्या होत्या. तिथेच जन्मलेला एक मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

जमाव अंगावर आला तेव्हा?

२९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी एक प्रसंग कळवला आहे. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार समाजातील मुलगी यांचे प्रेम होते आणि शारजा गरोदर होती. गावकरी दोघांना मारहाण करत, जिवे मारण्याच्या तयारीने गावातून फिरवत होते. बातमी कळताच सावित्रीबाई तिथे धावल्या. जीव घेतला तर सरकारी कायद्याने काय होईल, हे जमावाला ठणकावले. जमाव नरमला आणि त्यांनी दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले.

१८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात होत्या. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी तिथे गावोगावी मदत समित्या उभ्या केल्या होत्या.

शेवट कसा झाला?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना थाटला आणि सावित्रीबाई तिथे रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या ६६ वर्षांच्या होत्या.

आज कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम उरलेले नाही.

वाशिमसाठी हे महत्त्वाचे का?

वाशिम हा पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. राज्याने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात वाशिमही आहे. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन तणावाखालची माणसे ओळखावी आणि त्यांना समुपदेशन, उपचार मिळवून द्यावेत, ही त्याची कल्पना. रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यात सोयाबीन हातचे गेल्यावर गप्प झालेला माणूस स्वतःहून दवाखान्यात जाईलच असे नाही. त्याच्या दारात कुणीतरी जावे लागते आणि त्याचे बोलणे गावभर होणार नाही, याची खात्री त्याला द्यावी लागते.

मदत कुठे मिळेल?

टेलिमानस हेल्पलाइन : १४४१६. सेवा मोफत, २४ तास आणि मराठीतही आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा आणि मदत येईपर्यंत त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. हे क्रमांक ग्रामपंचायत, कृषी केंद्र आणि बसथांब्यावर आजच लावून ठेवा.