एकाच खोलीत चूल, बकरी आणि मॅट्रिकचा अभ्यास : बाबासाहेबांनी जागेची अडचण कशी सोडवली?

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूर नावाचं गाव आहे. बारवांसाठी ओळखलं जातं. अशा गावातलं पोरगं बारावी करून पुण्याला नाहीतर संभाजीनगरला निघालं की घरात पहिली चर्चा कॉलेजची नसते, खोलीची असते. भाडं किती, किती जणांत राहायचं, कॉट बेसिसवर मिळेल का, टेबल मावेल का.

मग सुरू होते जमवाजमव. कुणाची तरी जुनी गादी, भिंतीला ठोकलेली फळी, खोक्यावर वर्तमानपत्र अंथरून केलेलं टेबल. मोबाईलवर कमी बजेटमध्ये खोली सजवायचे रील्स दिसतात, पण त्यातलं कमी बजेटसुद्धा यांच्या महिन्याच्या मेसपेक्षा जास्त असतं.

हीच अडचण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका पोराला होती. पुढे तो या देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांच्या पदव्या सगळ्यांना पाठ असतात. पण ते ज्या खोल्यांत राहिले, त्या खोल्यांची गोष्ट फार कुणी सांगत नाही.

तर, 14 एप्रिल 1891 ला महूला जन्म. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. निवृत्तीनंतर दापोली, सातारा असं करत हे कुटुंब 1904 च्या सुमारास मुंबईत आलं आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहायला लागलं. गिरणी कामगारांची वस्ती आणि घर म्हणजे एकच खोली.

त्या खोलीत भांडीकुंडी होती, चूल होती, चुलीचा धूर होता. वर माळ्यावर सरपण. एका बाजूला जातं आणि तिथंच बांधलेली बकरी. माणसं इतकी की सगळ्यांनी एकदम आडवं व्हायचं म्हटलं तर जागा पुरायची नाही. पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. अभ्यास करणार कुठं आणि कधी?

नवीन खोली घ्यायला पैसे नव्हते. रामजींनी मग वेळेचीच वाटणी केली. संध्याकाळी भीमरावांना लवकर झोपवायचं. आपण स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं. दोन वाजले की पोराला उठवायचं आणि त्याच जागेवर आपण पडायचं. घर निजलेलं, गिरण्यांची वस्ती शांत, अशा वेळी बिनकाचेच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात भीमराव वाचत बसायचे.

म्हणजे अंथरूण एक, झोपणारे दोन, पाळ्या दोन. आज कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथं दुसऱ्या पाळीला बाप होता आणि तो म्हातारपणाकडे झुकलेला होता.

पुस्तकांचंही तसंच. पैसे कमी पडले की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण ठेवायचे आणि पेन्शन आल्यावर सोडवून आणायचे. बाबासाहेबांच्या जिद्दीवर भरपूर रील्स बनतात, पण या बापावर आणि दागिना काढून देणाऱ्या बहिणींवर एखादंच दिसतं.

दिवसा खोलीत बसणं शक्यच नसायचं. मग शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. तिथंच त्यांच्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर पडली. ओळख वाढली. 1907 ला भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना 25 रुपये मिळाले, त्यातही केळुसकरांचा वाटा होता. घरात जागा असती तर हा मुलगा बागेत गेला असता का, असा विचार मनात येऊन जातो.

1912 च्या सुमारास कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत आलं. मुंबईत प्लेगनं हाहाकार केल्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता, त्यानं बांधलेल्या या चाळी. एक नंबरची इमारत, दुसरा मजला, खोली नंबर 50 आणि 51. यावेळी दोन खोल्या होत्या. एकीत संसार, दुसरीत वाचन आणि भेटायला येणारी माणसं. फेब्रुवारी 1913 मध्ये रामजी गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले.

तिथं पहिल्यांदा वसतिगृहाची स्वतंत्र खोली मिळाली. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र भेटला, तो आयुष्यभराचा झाला. हातात शिष्यवृत्तीचे मोजके पैसे, त्यातून घरी पाठवायचे. तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जवळपास दोन हजार पुस्तकं गोळा केली. त्यातली बरीच भारतात येईपर्यंत गहाळ झाली.

आता या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग.

1917 मध्ये बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीला गेले. कोलंबियात शिकलेला माणूस, संस्थानात अधिकारी, खिशात पगार येणार. पण अख्ख्या बडोद्यात राहायला खोली मिळेना. कारण जात.

शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया, राहणं-खाणं धरून. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी मोरी आणि बाकी सगळा मोठा हॉल अडगळीनं भरलेला. फळ्या, मोडक्या खुर्च्या, बाकडी. वर दुसरं कुणी राहत नव्हतं. वीज नव्हती. रात्री व्यवस्थापक एक छोटा कंदील आणून द्यायचा, तेवढाच उजेड. एवढ्या सुन्या जागेतसुद्धा ते पुस्तकं उघडून बसायचे.

ते अकरा दिवस चाललं. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेले. ओळखीच्या दोघांकडे बाबासाहेबांनी आसरा मागितला, दोघांनीही आपापली कारणं सांगितली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. शाळेत असताना बाग ही त्यांची अभ्यासिका होती. इथं बागेशिवाय दुसरी जागाच उरली नव्हती.

कमी पैशात खोली कशी लावायची, याला शंभर युक्त्या आहेत. दारच उघडत नसेल तर त्यातली एकही चालत नाही.

1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनाकडून घेतलेले पाच हजार रुपये उसने. प्रिमरोज हिल भागात 10, किंग हेन्रीज रोड इथं ते राहिले. घरमालकीण जेवण मोजून मापून द्यायची. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचं आणि खोलीवर फक्त रात्री यायचं, ते परत वाचायला. हेच घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं.

इकडे बीआयटी चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. 1923 मध्ये बाबासाहेब परतल्यावरही दोन खोल्या त्याच राहिल्या, माणसं मात्र वाढली. पक्षकार, कार्यकर्ते, गावाकडून तक्रार घेऊन आलेले लोक. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तेव्हा कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये ठेवलं. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, तेव्हाही घरचा पत्ता हाच होता. याच वर्षांत या दांपत्याची चार मुलं एकामागून एक गेली. शेवटचा राजरत्न, 1926 मध्ये. वाचला तो एकटा यशवंत.

एकूण 22 वर्षं ते या चाळीत राहिले.

मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं. मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव दिलेलं हे घर बांधताना बाबासाहेबांनी जातीनं लक्ष घातलं. साधारणपणे माणूस घर बांधतो आणि उरलेल्या जागेत पुस्तकं ठेवतो. इथं उलटं होतं. कुटुंब खाली आणि वरचा मजला ग्रंथालयाला, त्यांच्या कामाला. डबक चाळीत पहाटे दोनला मिळणारी जागा आता चोवीस तास त्यांची होती.

रमाबाईंना मात्र या घरात फार दिवस मिळाले नाहीत. 27 मे 1935 ला राजगृहातच त्यांचं निधन झालं.

आता मराठवाड्याकडे येऊ. हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि इथं उच्च शिक्षणाच्या सोयी फारच तुटपुंज्या होत्या. 1945 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय पडलं आणि परिसराला नागसेनवन म्हणू लागले.

या परिसरात वर्गांबरोबर वसतिगृहंही आली. परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन पोरं यायला लागली. शहरात त्यांना खोली कुणी देईल की नाही याची खात्री नव्हती. नागसेनवनात पेटी ठेवायला जागा होती, आणि तिथं आडनाव विचारून कुणी दार लावत नव्हतं.