सहा दरवाजे, एक लूप आणि एडा

पावसाळ्यात मामाकडे कोयनानगरला गेलं की एक बातमी हमखास कानावर येते : धरणाचे सहाही वक्र दरवाजे अमुक फूट उचलले. दरवाजे सहा, वाक्य एक. बीसीएला असलेला माझा मामेभाऊ मात्र तेच वाक्य सहा वेळा लिहीत बसला होता. प्रोजेक्टसाठी त्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्म बनवलेला. दर दरवाजाला एक टेक्स्टबॉक्स, आणि बटण दाबलं की सगळे एकदम लॉक व्हायला हवेत. पठ्ठ्याने एक ओळ लिहून पाच वेळा पेस्ट केली, पाचव्या ओळीत आकडा बदलायला विसरला आणि पाचवा बॉक्स उघडाच राहिला.

शेवटी लूप लावला. एकपासून सहापर्यंत मोज, दर फेरीला पुढचा बॉक्स घे, त्याची तीच प्रॉपर्टी बदल. तीन ओळींत काम फत्ते! ही युक्ती काँप्युटरपेक्षा जुनी आहे. १८४३ साली ती सविस्तर छापून आणणारी एडा लव्हलेस तेव्हा सत्तावीस वर्षांची होती.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५चा, लंडनमधला. वडील म्हणजे कवी लॉर्ड बायरन. ती महिन्याची असताना आई तिला घेऊन वेगळी झाली. वडील देश सोडून गेले ते परत तिला दिसलेच नाहीत. पोरीत बापाचं कविपण उतरू नये म्हणून आईने तिला गणिताला जुंपलं. तरी बाराव्या वर्षी ही पंख लावून उडायचं यंत्र बनवायच्या नादाला लागलीच. पुढे गोवराने अंथरुणाला खिळली, बराच काळ कुबड्या घेऊन चालली.

१८३३मध्ये तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. आकडेमोड करणाऱ्या त्याच्या यंत्राचा एक भाग तिने पाहिला आणि ती त्यात गुंतली ती कायमची. लग्न झालं, तीन मुलं झाली, तरी तिने पुन्हा अभ्यास धरला. शिकवायला ऑगस्टस डी मॉर्गन, म्हणजे चक्क आपल्या मदुराईत जन्मलेला गणिती.

बॅबेजच्या नव्या ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’वर इटलीच्या मेनाब्रियाने फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि सोबत स्वतःच्या टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या! खाली नाव नाही, फक्त आद्याक्षरं.

या इंजिनाला सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कार्डांनी. कल्पना जॅकार्ड मागावरून घेतलेली. सोलापुरी चादरीची नक्षी याच मागावर उतरते. काही कार्डं सांगणार काय करायचं, काही सांगणार कुठल्या रकान्यातल्या आकड्यावर करायचं. काम वेगळं, कामाची जागा वेगळी. सगळी मेख इथेच आहे.

शेवटच्या टिपेत एडाने बर्नोली संख्या काढायचा पंचवीस पायऱ्यांचा तक्ता दिला. या मालिकेत पुढची संख्या काढायला आधीच्या लागतात. म्हणून तेरा ते तेवीस या पायऱ्या पुन्हा पुन्हा फिरवायच्या. मात्र एकविसाव्या पायरीने दर फेरीला आकडा एक रकाना पुढचा उचलायचा, आणि चोविसाव्या पायरीने उत्तरही एक रकाना पुढे ठेवायचं. हा बदल ठरलेल्या नियमाने होतो, त्यामुळे कार्डांच्या फेऱ्यातच त्याची सोय करता येते, हे तिने स्पष्ट लिहून ठेवलं. मामेभावाच्या लूपमधला तो एक-एकने वाढणारा आकडा आणखी काय वेगळं करतो?

या कामात तिचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. बॅबेजने आधी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले होते, बर्नोलीचं बीजगणितही त्यानेच करून दिलं होतं. पण त्यातली त्याची एक मोठी चूक एडाने पकडली, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात कबूल केलंय. छापील तक्त्यात चौथ्या पायरीवर भागाकार उलटा पडलाय, तो मात्र कुणाला दिसला नाही. दिसणार कसा? चालवून बघायला इंजिन होतंच कुठे! ते बॅबेजच्या हयातीत पूर्ण झालंच नाही.

नंतरची वर्षं वाईट गेली. घोड्यांच्या शर्यतींत तिने पैसा घालवला, कर्ज झालं, गर्भाशयाच्या कॅन्सरने गाठलं. २७ नोव्हेंबर १८५२ला ती गेली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. वडीलही छत्तिसाव्या वर्षीच गेले होते. तिच्या इच्छेप्रमाणे तिला हकनॉलच्या चर्चमध्ये, कधी न भेटलेल्या त्या बापाशेजारी पुरलं.