चहाच्या मेजावरील खून

रहस्यकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मांडला जात नाही; तिचे पान बहुधा ओसरीवरच वाढले जाते. प्रवासात, आजारपणात किंवा सुट्टीच्या दुपारी ती वाचावी आणि वाचल्याचे चारचौघांत फारसे बोलू नये, असा सुशिक्षितांचा एक अलिखित संकेत आहे. या संकेताची पर्वा न करता ज्या लेखिकेची पुस्तके जगभर कोट्यवधी लोकांनी वाचली, त्या अगाथा ख्रिस्ती यांचे १२ जानेवारी १९७६ रोजी निधन झाले. त्यानंतर पन्नास वर्षे लोटली तरी त्यांचे वाचक हटलेले नाहीत. पिस्तुले, पाठलाग आणि गुन्हेगारांच्या टोळ्या ही सामग्री असलेल्या कथा केव्हाच जुन्या झाल्या. ख्रिस्तीबाईंचा खून मात्र चहाच्या मेजावर, जॅमच्या बरणीत, रात्रीच्या जेवणानंतरच्या गोड पदार्थात दडलेला असे आणि तो शोधून काढणारी व्यक्ती अनेकदा हातात लोकरीचे विणकाम घेऊन बसलेली एक अविवाहित वृद्धा असे. हे दोन्ही शोध केवळ कल्पनेचे नव्हेत. त्यांच्या मुळाशी बाईंचे स्वतःचे आयुष्य आहे.

अगाथा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी, ‘ॲशफील्ड’ नावाच्या घरात झाला. वडील अमेरिकन, वडिलार्जित पैशावर निवांत जगणारे. मुलांना आठव्या वर्षापर्यंत वाचायला शिकवू नये, असे आईचे मत होते. मुलगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली आणि आईचा निरुपाय झाला. पद्धतशीर शालेय शिक्षण तिच्या वाट्याला फारसे आलेच नाही. वडिलांनी शिकवलेले अंकगणित, घरातील पुस्तके आणि पुढे पॅरिसमधील थोडे संगीत एवढीच शिदोरी. शुद्धलेखन तर जन्मभर कच्चे राहिले. भाषेच्या शिक्षकांना हे रुचणार नाही, पण ते खरे आहे.

या घराची खरी पाठशाळा म्हणजे स्वयंपाकघर. तेथे जेन नावाच्या स्वयंपाकिणीचे राज्य होते. रोज सात-आठ माणसांचे अनेक पदार्थांचे भोजन ती कोणतीही धांदल न करता सिद्ध करी. लहानग्या अगाथेच्या हाती तिने भाजलेले गरम केक पडत, आणि घरातील नोकरमाणसांचे बोलणे कानी पडे. कोण कोणाला काय म्हणाले, कोणती मोलकरीण का रडली, पाहुण्याने कोणत्या पदार्थाला हात लावला नाही, या गोष्टी ती टिपून ठेवी. १९०१ साली वडील वारले, पैसा आटला, आणि घराचा थाट उतरणीला लागला. संपत्तीसाठी माणसे काय करतात, हा पुढे त्यांच्या कथांचा स्थायी विषय झाला. त्याचे बीज या काळात पडले असावे, असे मानण्यास जागा आहे.

डिसेंबर १९१४ मध्ये वैमानिक अधिकारी आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती आघाडीवर, आणि पत्नी टॉर्कीच्या युद्धरुग्णालयात परिचारिका. पुढे त्या तेथील औषधालयात गेल्या आणि १९१७ साली औषधे तयार करण्याची रीतसर परीक्षा उत्तीर्ण झाल्या. विष आणि औषध यांत फरक असतो तो मात्रेचा, हे त्यांनी येथे प्रत्यक्ष मापाने शिकून घेतले. शिकवणी देणाऱ्या एका औषधविक्रेत्याने दशांशचिन्ह चुकवून एका औषधात दहापट मात्रा घातल्याचे त्यांच्या लक्षात आले. गुरूची चूक तोंडावर सांगण्याची सोय नव्हती. त्यांनी अडखळल्याचे सोंग केले, औषध मांडलेली फळी पाडली आणि सांडलेले औषध पायाखाली तुडवून टाकले. हाच गृहस्थ खिशात जालीम विषाचा तुकडा बाळगी, कारण त्याने त्याला सामर्थ्यवान वाटे. हा मनुष्य त्यांच्या स्मरणात सुमारे पंचेचाळीस वर्षे राहिला आणि १९६१ साली ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीत उतरला.

औषधालयातील रिकाम्या वेळात पहिली रहस्यकथा आकाराला आली. तुला हे जमणार नाही, असे थोरल्या बहिणीने पूर्वीच हिणवले होते. टॉर्कीत आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून हर्क्युल प्वारो हा गुप्तहेर सुचला. एकाहून अधिक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. अखेर १९२० साली अमेरिकेत आणि १९२१ साली इंग्लंडमध्ये ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ प्रसिद्ध झाले. लेखिकेच्या पदरी पंचवीस पौंड पडले. वाङ्मयीन नियतकालिकांच्या स्तुतीपेक्षा औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक पत्राने विषाचे वर्णन अचूक असल्याबद्दल दिलेला अभिप्राय बाईंना अधिक मोलाचा वाटला, यात नवल नाही.

१९२६ हे वर्ष यशाचे आणि विनाशाचेही ठरले. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ने कीर्ती दिली. त्याच वर्षी आई वारली आणि पतीने दुसऱ्या स्त्रीवरील प्रेमाची कबुली देऊन घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री ख्रिस्तीबाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या त्या नाहीशाच झाल्या. मोटार रस्त्यालगत सोडून दिलेली सापडली. शेकडो पोलिस आणि हजारो स्वयंसेवक रानावनातून शोध घेऊ लागले, तळी ढवळली गेली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी तर बाईंचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे नेला! अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या, आणि नोंदवहीत त्यांनी आडनाव लिहिले होते पतीच्या प्रेयसीचे. त्यांना ओळखले ते हॉटेलातील वाद्यवृंदाच्या वादकांनी. सारे पोलिसदल थकले तेथे रोज संध्याकाळी वाद्य वाजवता वाजवता समोरच्या माणसांकडे नीट पाहणारे दोघे यशस्वी झाले, हे त्यांच्याच कथेत शोभले असते. वृत्तपत्रांनी या दुःखाचा तमाशा केला. स्मृतिभ्रंश झाला होता, असे घरच्यांनी जाहीर केले. बाईंनी मात्र आत्मचरित्रातही या अकरा दिवसांविषयी अक्षर लिहिले नाही, आणि तो त्यांचा अधिकार होता.

या आघातानंतर, डिसेंबर १९२७ मध्ये, एका कथेतून मिस मार्पल प्रथम वाचकांसमोर आली. ही गोष्ट केवळ योगायोगाची मानणे कठीण आहे. प्वारो हा व्यावसायिक, परदेशी आणि आत्मप्रौढीत रमणारा. मिस मार्पल ही सेंट मेरी मीड या खेड्यातील साधी बाई. बाईंची एक आजी प्रत्येकाविषयी वाईटात वाईट तेच गृहीत धरी आणि बहुधा तिचेच खरे ठरे. त्या आजीची छाया या पात्रावर पडली आहे. पहिल्या कथेत मिस मार्पलच्याच घरी मंडळी जमतात. स्कॉटलंड यार्डचा निवृत्त आयुक्त, वकील, धर्मोपदेशक, लेखक असलेला भाचा आणि एक चित्रकर्ती. अनुत्तरित गुन्ह्यांची चर्चा करण्याचे ठरते, आणि यजमानीण कोपऱ्यात विणीत बसली आहे याचा सर्वांना विसर पडतो. खटला एका जेवणाचा आहे. डब्यातील शेवंड, कोशिंबीर, एक थरांचे गोड पक्वान्न, पाव आणि चीज. जेवले तिघे, आजारी पडले तिघे, आणि मेली एक. आयुक्त आणि वकील हेतूंचा काथ्याकूट करीत राहतात. त्या गोड पक्वान्नावर वरून काय घालतात हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिलाच उत्तर सापडते. ते येथे सांगणे हा वाचकद्रोह ठरेल.

या युक्तीत ख्रिस्तीबाईंचे सारे सामर्थ्य आहे. पुरुषांनी गप्पा म्हणून हिणवलेल्या ज्ञानाला त्यांनी साक्षीपुराव्याची प्रतिष्ठा दिली. मिस मार्पल न्यायवैद्यक जाणत नाही. मासेवाला, दाई, घरकाम करणारी पोर यांचे स्वभाव ती जाणते आणि कोठल्याही खुन्यात त्यांपैकी एखाद्याचा स्वभाव ओळखते. ‘ए पॉकेट फुल ऑफ राय’ (१९५३) या कादंबरीचा प्रारंभ एका कार्यालयात होतो. चहा करण्याची पाळी कोणाची यावरून टंकलेखिकांची कुरबुर चालते, आणि साहेब चहा पिऊन कोसळतो. कोणत्याही कारकुनाला हे दृश्य परिचयाचे वाटेल; कोसळण्याचा भाग सोडून! संशय चहावर, पण विष सकाळच्या न्याहारीतील मार्मालेडमध्ये, आणि ते मिळाले बंगल्याच्या आवारातील यू वृक्षापासून. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ (१९५७) मध्ये ल्यूसी ही तरुणी ऑक्सफर्डची गणितातील प्रथम श्रेणीची पदवीधर आहे. तिने अध्यापन नाकारून चांगल्या वेतनावर घरकाम आणि स्वयंपाक करण्याचा व्यवसाय पत्करला आहे, आणि मिस मार्पल तिलाच हेरगिरीसाठी संशयित कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पेरते.

हे सारे सुखद, उबदार जग आहे असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते अर्धेच खरे आहे. जेवणातील विषाचा अर्थ असा की खुनी बाहेरून आलेला नाही. तो त्याच मेजावर बसला आहे. ‘ए मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) मध्ये महायुद्धोत्तर इंग्लंड दिसते. लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर, शेजारीपाजारी चोरून देवघेव करणारे, आणि पूर्वी गावात कोण कोणाचा हे सर्वांना ठाऊक असे, ती ओळख आता पुसली गेलेली. अशा दुर्भिक्षात निर्वासित स्वयंपाकीण चॉकलेटचा जो केक करते, त्याला घरातील मंडळींनी गमतीने ‘डिलिशस डेथ’ हे मरणसूचक नाव दिले आहे. एका मोडलेल्या समाजाची नोंद म्हणून ही कादंबरी इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही वाचावी अशी आहे.

दोष नाहीत असे नव्हे. पात्रे पुष्कळदा बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखी हलतात. खून झाल्यावर शोक करण्यास कोणाला सवड नसते. ज्यू आणि परकीय यांच्याविषयी सुरुवातीच्या पुस्तकांत डोकावणारे पूर्वग्रह आज खटकतात, आणि १९३९ च्या एका गाजलेल्या कादंबरीचे मूळ नावच वर्णविद्वेषी असल्याने बदलावे लागले. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ साली या साऱ्या प्रकारालाच व्यर्थ ठरवले. तथापि त्याच कादंबरीवर ‘गुमनाम’ (१९६५) आणि ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या त्यांच्या नाटकावर ‘धुंद’ (१९७३) हे हिंदी चित्रपट बेतले गेले. मूळ लेखिकेचे नाव ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांनीही श्वास रोखून ते पाहिले.

उत्तरायुष्य समाधानाचे गेले. १९३० साली त्यांनी आपल्याहून चौदा वर्षांनी लहान असलेले पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला. इराक आणि सीरियातील उत्खननांवर त्या वर्षानुवर्षे राहिल्या. निमरूद येथे सापडलेली प्राचीन हस्तिदंती शिल्पे त्यांनी विणकामाची सुई आणि चेहऱ्याला लावण्याचे क्रीम यांच्या साहाय्याने स्वच्छ केली. मद्य आणि तंबाखू दोन्ही वर्ज्य. व्यसन म्हणावे तर डेव्हन परगण्यातील दाट सायीचे. दुसऱ्या महायुद्धात त्या पुन्हा लंडनच्या रुग्णालयातील औषधालयात उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘द माउसट्रॅप’ २०२० च्या महासाथीपर्यंत अखंड चालले. १९७१ साली ‘डेम’ हा किताब मिळाला. रहस्यप्रधान कादंबऱ्यांची संख्या सहासष्ट भरली.

त्यांच्या मागे वंश वाढला तो प्रामुख्याने अमेरिकेत. १९८२ मध्ये व्हर्जिनिया रिच, १९९० मध्ये डायन मॉट डेव्हिडसन, २००० मध्ये जोॲन फ्लूक यांनी पाककुशल स्त्रियांनाच हौशी गुप्तहेर बनवले; फ्लूक यांची नायिका तर बिस्किटांचे दुकान चालवते. पुस्तकात खुनाबरोबर पाककृतीही छापल्या जाऊ लागल्या. या परंपरेतील उत्तम ग्रंथासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नावच ‘अगाथा’ आहे आणि विजेत्याला मिळते ती चहाची किटली. यांतील बऱ्याच कथांत पाककृती चोख आणि विष पातळ असते, हेही नमूद केले पाहिजे. औषधालयात मापे मोजलेला हात सर्वांनाच कोठून लाभणार!

त्या हाताची साक्ष बाईंच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी मिळाली. १९७७ साली कतारमधील एका दीड वर्षाच्या मुलीला लंडनच्या रुग्णालयात आणले गेले. मूल शुद्ध हरपत चालले होते आणि डॉक्टरांना निदान होत नव्हते. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका त्या दिवसांत ‘द पेल हॉर्स’ वाचीत होती. कादंबरीतील बळींप्रमाणे या मुलीचेही केस गळत असल्याचे तिने पाहिले आणि हे थॅलियमचे विष असावे, असे डॉक्टरांना सुचवले. तपासणीत ते खरे ठरले. घरात उपद्रवी जीव मारण्यासाठी वापरलेल्या औषधातून ते विष पोटात गेले होते. उपचार झाले, मुलगी सुधारली. डॉक्टरांनी या रुग्णाविषयी वैद्यकीय नियतकालिकात जो लेख लिहिला, त्याच्या शेवटी दिवंगत अगाथा ख्रिस्ती यांचे आभार मानले आहेत.