विश्लेषण : व्हेल शार्कला नाव देणारे डॉ. अँड्र्यू स्मिथ कोण होते?

शार्कसोबत स्कूबा डायव्हिंग म्हटले की आधी जबडा आठवतो. पण ज्या शार्कच्या शोधात डायव्हर अर्धे जग पालथे घालतात, त्या व्हेल शार्कच्या आहारात माणूस नाही. जगातला हा सर्वांत मोठा मासा बारा मीटर आणि त्याहूनही अधिक वाढतो. खातो मात्र प्लवक, माशांची अंडी आणि बारीक मासे. शास्त्रात त्याची पहिली नोंद केली ब्रिटिश लष्करातल्या एका डॉक्टरने.

स्कॉटलंड ते केपटाऊन

अँड्र्यू स्मिथ यांचा जन्म १७९७चा, स्कॉटलंडमधला. एडिंबरात वैद्यकीचे शिक्षण झाले आणि १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने त्यांना दक्षिण आफ्रिकेत धाडले. रुग्ण तपासता तपासता ते पक्षी, साप, मासे जमवू लागले. १८२५ मध्ये केपटाऊनला संग्रहालय सुरू झाले, त्याचे पहिले प्रमुख तेच.

१८२८ मध्ये काय घडले?

त्या वर्षी टेबल बे या उपसागरात कोळ्यांना करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला, साधारण साडेचार मीटरचा मासा दिसला. तो पृष्ठभागाजवळ संथ पोहत होता. होडी जवळ गेली तरी फारसा बिचकला नाही. भाला अंगात रुतल्यावरच त्याने दिशा बदलली. हा तपशील खुद्द स्मिथ यांनी नंतर लिहून ठेवला. म्हणजे आज ज्या शांतपणासाठी पर्यटक पैसे मोजतात, तोच पहिल्या नोंदीत त्याच्या जिवावर बेतला होता. त्याचे कातडे पुढे पॅरिसच्या संग्रहालयात गेले.

नावाचा घोळही गमतीचा आहे. केपटाऊनच्या वृत्तपत्रात पहिले वर्णन आले, त्यात ‘ऱ्हिनिओडॉन’ छापले होते; पुढच्या वर्षी एका नियतकालिकात ‘ऱ्हिंकोडॉन’. हा वाद दीडशे वर्षे चालला. अखेर १९८४ मध्ये प्राण्यांच्या नावांबाबतच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ‘ऱ्हिंकोडॉन’ कायम केले.

डार्विन यांची भेट आणि क्रिमियाचा ठपका

१८३४ ते १८३६ या काळात स्मिथ यांनी आफ्रिकेच्या अंतर्भागात मोठी मोहीम नेली. ते परतले त्याच वर्षी ‘बीगल’ जहाज केपटाऊनला लागले आणि तरुण चार्ल्स डार्विन त्यांच्यासोबत आसपासचे खडक पाहत हिंडले.

इंग्लंडला परतल्यावर स्मिथ लष्करी वैद्यकीय विभागाच्या सर्वोच्च पदी पोहोचले आणि तिथेच अडकले. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) जखमींपेक्षा आजारी सैनिकच जास्त मेले. वृत्तपत्रे आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या टीकेचा रोख त्यांच्यावर आला. वाहतूक आणि रसद त्यांच्या हातात नव्हती, तरी चेहरा त्यांचाच होता. नंतर त्यांच्यावरचा ठपका निघाला. पण प्रकृती ढासळली होती. १८५८ मध्ये त्यांनी पद सोडले, त्याच वर्षी ‘सर’ किताब मिळाला. १८७२ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.

आज हा मासा कुठे भेटतो?

पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगलू इथे मार्च ते जुलै हा हंगाम. तिथे स्कूबाची टाकी चालत नाही. फक्त स्नॉर्केल, आणि हात लावायला बंदी. फिलिपिन्समधल्या डोन्सोललाही स्नॉर्केलच. मालदीवच्या दक्षिण आरी प्रवाळबेटांजवळ तो वर्षभर दिसतो. आपल्याकडे गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी त्याची सर्रास शिकार होई. २००१ पासून वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

टाकी लावूनच भेटायचे तर गालापागोस द्वीपसमूहातले एक बेट प्रसिद्ध आहे. जून ते नोव्हेंबरदरम्यान तिथे मोठ्या माद्या येतात. बेटाचे नाव डार्विन. प्रवाह मात्र जोरदार, त्यामुळे नवख्यांचे ते काम नाही.